आतिथ्याचे उच्चशिक्षण : व्यापारी घराण्यांपुढील एक नवी वाट

व्यापारी घराण्यातील मुलगा वा मुलगी पदवीधर झाली, की पुढील शिक्षणाच्या वाटा बहुधा ठरलेल्या असत. कोणी सी.ए. होई, कोणी एम.बी.ए. करी, कोणी सरळ वडिलांच्या पेढीवर बसून आडत आणि उधारीचे धडे घेई. अलीकडे मात्र काही घरांतून एक निराळा विषय चर्चेला येऊ लागला आहे. तो म्हणजे हॉस्पिटॅलिटी मॅनेजमेंट, अर्थात आतिथ्य व्यवस्थापनातील पदव्युत्तर पदवी.

हा विषय निघताच घरात तीन प्रश्न उभे राहतात. आजी विचारते, "एवढे शिकून काय हॉटेलात वाढपी होणार?" आईला काळजी असते ती आहाराची आणि चौविहाराची. जिथे मद्य-मांस शिजते, वाढले जाते, तिथे लेकराचा धर्म कसा टिकणार? आणि वडील, जन्मभर हिशोबात मुरलेले, एकच गोष्ट विचारतात : खर्च किती आणि त्यातून उभे काय राहणार?

हे तिन्ही प्रश्न रास्त आहेत. जुन्या विचारांचे म्हणून ते बाजूला सारणे योग्य नव्हे. प्रतिष्ठा, धर्म आणि हिशोब या तिन्ही कसोट्यांवर हे शिक्षण पारखूनच त्याविषयी निर्णय घ्यावयास हवा.

हॉटेल चालविणे शाळेत शिकता येते काय?

व्यापार गादीवर बसून शिकावा, शाळेत नव्हे, ही समजूत केवळ भारतीय व्यापाऱ्यांचीच नाही. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात १९२२ साली हॉटेल व्यवस्थापनाचे शिक्षण सुरू झाले, तेव्हा त्या देशातील सर्वांत नामांकित हॉटेलमालक एल्सवर्थ स्टॅटलर यांनाही ही कल्पना पटलेली नव्हती. स्टॅटलर स्वतः लहानपणी एका हॉटेलात सामान वाहणारा पोऱ्या म्हणून कामाला लागले होते आणि तिथून वर चढत त्यांनी हॉटेलांची मोठी साखळी उभारली होती. वर्गात बसून हॉटेल शिकता येते, यावर अशा माणसाचा विश्वास बसणे कठीणच. परंतु कॉर्नेलचे विद्यार्थी वर्षातून एकदा प्रत्यक्ष हॉटेल चालवून दाखवीत, ते त्यांनी पाहिले आणि त्यांचे मत पालटले. पुढे त्यांच्याच संपत्तीतून त्या विद्यालयास मोठे साहाय्य लाभले. आज तेथील पदव्युत्तर अभ्यासक्रम जगातील अग्रगण्य अभ्यासक्रमांत गणला जातो.

योगायोग असा, की त्याच १९२२ साली भारतात मोहनसिंग ओबेरॉय नावाचा एक तरुण सिमल्याच्या सेसिल हॉटेलात साधा कारकून म्हणून रुजू झाला. बारा वर्षांनी, १९३४ साली, पत्नीचे दागिने आणि स्वतःची मालमत्ता गहाण टाकून त्याने सिमल्याचेच क्लार्क्स हॉटेल विकत घेतले. ओबेरॉय कोणत्याही हॉटेल विद्यालयात शिकले नव्हते. तरीही त्यांच्याच समूहाने १९६६ साली स्वतःचे प्रशिक्षण विद्यालय काढले, हे लक्षात घेण्याजोगे आहे. अनुभवाने शिकलेल्या माणसालाही पुढच्या पिढीसाठी शिस्तबद्ध शिक्षणाची गरज भासली. एका हॉटेलाचा कारभार एका माणसाच्या नजरेत मावतो. दहा हॉटेले चालवायची झाली, की नजर पुरत नाही, पद्धत लागते. ज्या पेढीने एका दुकानाची पाच दुकाने केली असतील, तिला ही गोष्ट निराळी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

प्रतिष्ठेच्या प्रश्नाला आणखी एक उत्तर आहे आणि ते जैन समाजाच्या अधिक जवळचे आहे. हॉटेल व्यवस्थापन शिकविणारी देशातील पहिली संस्था १९५४ साली मुंबईत निघाली. आज ती दादर येथे आहे. अखिल भारतीय महिला केंद्रीय अन्न परिषदेने ती स्थापन केली आणि त्यामागची प्रेरणा होती लीलावती मुनशी यांची. त्या गुजराती जैन कुटुंबात जन्मलेल्या लेखिका व सार्वजनिक कार्यकर्त्या होत्या. देशात अन्नटंचाई असताना, धान्यावाचून इतर पदार्थांचा सकस आहार सामान्य माणसास स्वस्तात मिळावा म्हणून त्यांनी 'अन्नपूर्णा' उपाहारगृहांचा उपक्रम पुढे नेला होता. त्याच विचारातून स्वयंपाक, पोषण आणि व्यवस्था यांचे शास्त्रीय शिक्षण देणारी ही संस्था आकारास आली. या विद्याशाखेचा भारतातील आरंभच एका जैन कन्येच्या हातून झाला असल्याने, हे काम घराण्याला शोभणारे नव्हे असे म्हणण्यास फारसा आधार उरत नाही.

खोली नावाचा नाशवंत माल

आता या पदव्युत्तर शिक्षणात नेमके शिकवितात काय, ते पाहावे. पदवीच्या पातळीवरील शिक्षण हे मुख्यतः हातांचे असते. पाकगृह, भोजनगृहातील सेवा, स्वागतकक्ष आणि खोल्यांची निगा, ज्यास व्यवसायात हाउसकीपिंग म्हणतात, अशा चारही खात्यांत विद्यार्थ्याला स्वतः काम करावे लागते. पदव्युत्तर पातळीवर भर कारभारावर येतो. जमाखर्च, दरनिश्चिती, विपणन, मनुष्यबळ, कायदे, अन्नसुरक्षा, नव्या हॉटेलाची उभारणी आणि चालू हॉटेलाचे मूल्यांकन हे त्याचे प्रमुख विषय होत.

व्यापारी कुटुंबातील तरुणाला यातील सर्वांत जवळचा वाटणारा विषय म्हणजे उत्पन्न व्यवस्थापन. कापडाचा तागा आज विकला गेला नाही, तर उद्या विकता येतो. फार तर भाव थोडा उतरेल. हॉटेलची खोली मात्र भाजीहूनही नाशवंत आहे. आजच्या रात्री रिकामी राहिलेली खोली उद्या कोणत्याही भावाने विकता येत नाही, कारण ती रात्रच संपलेली असते. म्हणून या व्यवसायात 'एका खोलीचा दर किती' यापेक्षा 'उपलब्ध असलेल्या प्रत्येक खोलीमागे उत्पन्न किती' हा आकडा महत्त्वाचा मानतात. हॉटेलच्या भाषेत त्यास 'रेव्हपार' असे नाव आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, तालुक्याच्या गावी ५० खोल्यांचे एक हॉटेल आहे. दर ३,००० रुपये ठेवला, तर रोज २५ खोल्या भरतात. उत्पन्न ७५,००० रुपये, म्हणजे उपलब्ध खोलीमागे १,५०० रुपये. दर २,४०० वर आणला आणि ४० खोल्या भरल्या, तर उत्पन्न ९६,००० रुपये, म्हणजे खोलीमागे १,९२० रुपये. वरवर पाहता निर्णय सोपा दिसतो. परंतु भरलेल्या प्रत्येक खोलीवर धुलाई, वीज, पाणी, न्याहारी असा ४०० रुपये खर्च येतो असे धरले, तर पहिल्या प्रकारात हाती ६५,००० राहतात आणि दुसऱ्यात ८०,०००. आता वाढलेल्या १५ खोल्या ऑनलाइन आरक्षण करणाऱ्या कंपनीमार्फत आल्या आणि तिने १८ टक्के दलाली घेतली, तर आणखी ६,४८० रुपये वजा होतील. उरले ७३,५२०. म्हणजे खरा फायदा दिवसाला १५,००० नव्हे, तर ८,५२० रुपये. आणि या जादा वर्दळीने गाद्या, नळ व रंग लवकर झिजणार, तो खर्च यात धरलेलाच नाही.

हा हिशोब कोणत्याही मुनीमजींना समजेल. शिक्षणाने मिळते ते एवढेच, की असा हिशोब अंदाजाने न करता रोज, ऋतुमानानुसार, गिऱ्हाइकाच्या प्रकारानुसार आणि पुढील तीन महिन्यांचा वेध घेऊन करता येतो. हॉटेलांच्या हिशोबाची एक समान पद्धतही आहे. न्यूयॉर्कच्या हॉटेलचालकांनी १९२६ साली ती प्रथम सिद्ध केली आणि सुधारित स्वरूपात ती आजही जगभर वापरली जाते. प्रत्येक खात्याचे उत्पन्न व खर्च निरनिराळे मांडण्याची ती रीत असल्यामुळे एका शहरातील हॉटेलाची तुलना दुसऱ्या शहरातील हॉटेलाशी करता येते. ज्यांनी खतावणी पाहत बालपण घालविले, त्या मुलांना येथे घरचेच वातावरण भेटते.

श्रावकधर्माची मर्यादा

आता सर्वांत कठीण प्रश्न. बहुतेक पदवी अभ्यासक्रमांच्या पाकगृहात अंडी, मासे आणि मांस यांवर प्रत्यक्ष काम करावे लागते. अनेक जैन विद्यार्थी याच पायरीवर थबकतात. अहमदाबाद, भोपाळ आणि जयपूर येथील सरकारी हॉटेल व्यवस्थापन संस्थांनी २०१६ च्या सुमारास शाकाहारी पाककलेचा पर्याय खुला केला, ही या दृष्टीने महत्त्वाची घटना होती. असा पर्याय कोठे आणि कोणत्या वर्षापासून मिळतो, हे प्रवेशापूर्वी त्या संस्थेकडून लेखी विचारून घ्यावे.

बी.कॉम. किंवा बी.बी.ए. होऊन थेट पदव्युत्तर व्यवस्थापन शिक्षणाकडे वळणाऱ्यास पाकगृहाचा हा टप्पा बहुतांशी टळतो. त्यामुळे जैन विद्यार्थ्यास हा मार्ग सोयीचा, असे सांगितले जाते. हे अर्धेच सत्य आहे. जैन आचारशास्त्र हिंसेचा विचार केवळ हाताने केलेल्या कृतीपुरता करीत नाही. करणे, करविणे आणि अनुमोदन देणे या तिन्ही अंगांनी तो होतो. व्यवस्थापक सुरीला हात लावीत नसेल, पण मद्यगृहाची विक्री किती वाढवावी याचे उद्दिष्ट तोच ठरवितो, मांसाची खरेदी त्याच्याच सहीने होते आणि त्या नफ्यावर त्याची बढती अवलंबून असते. श्रावकाने टाळावयाची जी पंधरा कर्मादाने सांगितली आहेत, त्यांत मद्यादी पदार्थांचा व्यापार म्हणजे रसवाणिज्य हे स्पष्टपणे येते. म्हणूनच पाकगृह टळले म्हणजे प्रश्न सुटला, असे कोणी मानू नये.

त्याच वेळी, प्रश्न सुटणारच नाही असेही नाही. आतिथ्य व्यवसाय म्हणजे केवळ पंचतारांकित हॉटेल नव्हे. शाकाहारी हॉटेले व भोजनगृहे, सेवायुक्त निवासगृहे, विद्यार्थी वसतिगृहे, रुग्णालयांतील रुग्णसेवा, परिषदा आणि विवाहसमारंभांचे आयोजन, तीर्थयात्रा, हॉटेलांच्या मालमत्तेचे व्यवस्थापन, हॉटेल प्रकल्पांना कर्ज देणाऱ्या संस्थांतील विश्लेषण, आरक्षणाची संगणकीय प्रणाली बनविणाऱ्या कंपन्या, अशी त्याची अनेक क्षेत्रे आहेत. शाकाहारही आता बाजाराच्या कडेला राहिलेला नाही. चेन्नईच्या आय.टी.सी. ग्रँड चोला या हॉटेलात 'रॉयल वेगा' हे संपूर्ण शाकाहारी आलिशान भोजनगृह आहे. विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संकेतांत जैन भोजनाला 'व्हीजेएमएल' असे स्वतंत्र नाव आहे. ज्या आहाराची नोंद जगाने घेतली, त्याची जाण असणारा व्यवस्थापक त्या उद्योगाला हवाच आहे.

तेव्हा खरा प्रश्न 'हे शिक्षण घ्यावे की नाही' एवढाच राहत नाही. 'कोणत्या कामासाठी घ्यावे आणि कोणते काम स्वीकारू नये' हे आधी ठरविणे अधिक महत्त्वाचे. शुल्क भरल्यानंतर, कर्जाचा हप्ता सुरू झाल्यानंतर, हाती आलेली नोकरी नाकारणे फार अवघड जाते. म्हणून ही मर्यादारेषा प्रवेशापूर्वी, घरातील वडीलधाऱ्यांसमवेत आणि शक्य तर साधु-साध्वींचे मार्गदर्शन घेऊन आखावी. एक कुटुंब मद्य-मांस असलेल्या ठिकाणी केवळ खोल्यांच्या खात्यात काम करण्यास संमती देईल, तर दुसरे तेवढ्यासही देणार नाही. दोन्ही निर्णय समजण्यासारखे आहेत. कोणताच निर्णय न घेता जाणे मात्र विद्यार्थ्याला एकटे पाडते.

पाळी, चौविहार आणि घर

तत्त्वाइतकाच व्यवहारही पाहावा लागतो. हॉटेल चोवीस तास चालते. कामाच्या पाळ्या सकाळ, दुपार आणि रात्र अशा असतात आणि सणावाराला, विशेषतः दिवाळीत व लग्नसराईत, गर्दी सर्वाधिक असल्याने सुट्टी मिळत नाही. चौविहार पाळणाऱ्यास दुपारच्या पाळीत सूर्यास्तापूर्वी जेवणाची वेळ काढून घ्यावी लागते. मुंबईत नोव्हेंबरच्या अखेरीस सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो, तर जुलैच्या प्रारंभी सव्वासातनंतर. म्हणजे वर्षभरात ही वेळ तासाहून अधिक सरकते. वरिष्ठांना प्रथमच नीट समजावून सांगितले, तर पंधरा-वीस मिनिटांची सोय बहुधा होते. न सांगता आतल्या आत कुढत राहिल्यास व्रतही मोडते आणि कामातही मन लागत नाही. पर्युषण वा दशलक्षण पर्वाच्या, तसेच आयंबिलच्या ओळीच्या रजेचा अर्ज वर्षाच्या आरंभीच द्यावा, हे उत्तम.

परदेशी जाणाऱ्यांनी निवासाचा विचार आधी करावा. वसतिगृहातील सामाईक भोजनगृहापेक्षा स्वतःचे स्वयंपाकघर असलेली खोली घेतलेली बरी. ती थोडी महाग पडेल, परंतु कंदमुळाविना दोन वेळचा स्वयंपाक ज्यास स्वतः करता येतो, त्याचा आहार आणि मन दोन्ही स्वस्थ राहतात. जाण्यापूर्वीच्या सहा महिन्यांत मुलांनीही, केवळ मुलींनी नव्हे, घरचा स्वयंपाक शिकून घ्यावा.

मुलींच्या बाबतीत घरच्यांची भीती निराळी असते. रात्रपाळी, घरी परतण्याची सोय आणि पुढे विवाहाच्या वेळी 'मुलगी हॉटेलात आहे' असे ऐकावे लागेल, ही धास्ती अनेक घरांत बोलून दाखविली जात नाही, पण निर्णय मात्र तीच करते. रात्रपाळीतील ने-आण, प्रशिक्षणकाळातील निवास आणि तक्रार निवारण समिती यांविषयी संस्थेला व पुढे नियोक्त्याला स्पष्ट विचारणे हा पालकांचा अधिकार आहे. दरनिश्चिती, वित्त, मनुष्यबळ, प्रकल्प नियोजन अशा खात्यांत काम बहुधा दिवसपाळीचे असते, हेही ध्यानात ठेवावे. बायोडेटात एका ओळीत न मावणारे काम सासरच्यांना समजावून सांगण्याची जबाबदारी मात्र आईवडिलांनीच घ्यावयास हवी.

अभ्यासक्रम निवडताना

भारतात या शिक्षणाचे ढोबळमानाने तीन मार्ग आहेत. पहिला, राष्ट्रीय हॉटेल व्यवस्थापन व केटरिंग तंत्रज्ञान परिषदेच्या संस्थांतील आतिथ्य प्रशासनाचा दोन वर्षांचा एम.एस्सी. अभ्यासक्रम. ही परिषद १९८२ पासून कार्यरत आहे. दुसरा, महाराष्ट्रातील एम.एच.एम.सी.टी. हा अभ्यासक्रम. राज्याचा सामायिक प्रवेश परीक्षा कक्ष त्यासाठी स्वतंत्र परीक्षा घेत आला आहे. हे दोन्ही मुख्यतः हॉटेल व्यवस्थापनाची पदवी घेतलेल्यांसाठी आहेत. तिसरा मार्ग म्हणजे विद्यापीठांतील आतिथ्य विषयातील एम.बी.ए. येथे बहुधा कोणत्याही शाखेचा पदवीधर अर्ज करू शकतो आणि व्यापारी घराण्यांतील बी.कॉम. विद्यार्थ्यांना हाच मार्ग जवळचा पडतो. परदेशात कॉर्नेलखेरीज स्वित्झर्लंडमधील लोझान येथील विद्यालयाचे नाव सर्वपरिचित आहे. १८९३ साली स्थापन झालेले ते जगातील सर्वांत जुने हॉटेल विद्यालय होय.

खर्चाच्या बाबतीत भ्रम नसावा. परदेशातील अग्रगण्य संस्थांत शुल्क आणि निर्वाह मिळून खर्च पन्नास लाखांच्या पुढे सहज जातो. उलट, या व्यवसायात पहिल्या वर्षांचे वेतन अनेकदा अपेक्षेहून कमी असते आणि पदव्युत्तर पदवी असली तरी प्रारंभ खालच्या पायरीवरून करावा लागतो. म्हणून केवळ नोकरीसाठी एवढे कर्ज काढणे बहुसंख्य कुटुंबांना परवडणारे नाही. स्वतःचा व्यवसाय उभारण्याची किंवा घरच्या व्यवसायाला जोड देण्याची निश्चित योजना असेल, तर मात्र हिशोब बदलतो. जैन समाजास २०१४ साली केंद्र सरकारने अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली आहे. त्यामुळे राष्ट्रीय अल्पसंख्याक विकास व वित्त महामंडळाच्या शैक्षणिक कर्जाचा विचार पात्र कुटुंबांनी अवश्य करावा. त्यासाठी उत्पन्नाची मर्यादा असते, ती आधी तपासावी.

प्रवेश घेण्यापूर्वी पुढील गोष्टींची उत्तरे लेखी मिळवावीत.

१. मिळणार ते विद्यापीठाची पदवी आहे की पदविका आणि तिला मान्यता कोणाची आहे?
२. अभ्यासक्रमात पाकगृहाचे वा मद्यसेवेचे प्रात्यक्षिक अनिवार्य आहे काय? असल्यास शाकाहारी पर्याय आहे काय?
३. प्रत्यक्ष हॉटेलातील प्रशिक्षण किती महिन्यांचे, कोणत्या खात्यांत आणि विद्यावेतनासह की विनावेतन?
४. मागील दोन-तीन तुकड्यांतील विद्यार्थी आज कोणत्या पदावर आहेत? 'शंभर टक्के नोकरी' या जाहिरातीवर विसंबू नये. त्या विद्यार्थ्यांशी प्रत्यक्ष बोलून खात्री करावी.
५. शुल्कात प्रशिक्षणकाळातील निवास व भोजन धरले आहे काय?

शक्य असल्यास पदवीनंतर एक-दोन वर्षे एखाद्या हॉटेलात, समारंभ आयोजन करणाऱ्या पेढीत किंवा प्रवास कंपनीत काम करून मग पुढील शिक्षण घ्यावे. चांगल्या संस्था अनुभवी विद्यार्थ्यास पसंती देतात आणि वर्गात शिकविलेले त्यालाच अधिक उमगते. त्याहून मोठा लाभ असा, की हे काम आपल्याला मानवते की नाही, ते मोठे शुल्क भरण्यापूर्वीच कळून येते.

समाजाचे स्वतःचे अतिथिगृह

या शिक्षणाचा विचार नोकरी आणि धंदा यांपाशी थांबविला, तर एक मोठी बाजू सुटून जाईल. जैन समाज शतकानुशतके आतिथ्याची एक विशाल व्यवस्था चालवीत आला आहे. पालिताणा, शिखरजी, श्रवणबेळगोळ, कुंभोज बाहुबली, मांगीतुंगी, गजपंथा, कुंथलगिरी अशी कोणतीही तीर्थे घेतली, तरी तिथे धर्मशाळा आणि भोजनशाळा आहेत. तिथे जी कामे चालतात, तीच हॉटेल व्यवस्थापनाची कामे होत : खोल्यांचे वाटप, चादरींची धुलाई, धान्याची खरेदी, शेकडो पंगतींचे नियोजन.

पालिताण्याचेच उदाहरण पाहावे. चातुर्मासात शत्रुंजय पर्वतावरील यात्रा बंद असते, त्या काळात पायथ्याच्या धर्मशाळांत मुक्काम असतो तो मुख्यतः आराधनेसाठी राहिलेल्या भाविकांचा. कार्तिकी पौर्णिमेला यात्रा खुली होते आणि एकाच दिवशी यात्रेकरूंचा लोंढा येतो. फाल्गुन शुद्ध त्रयोदशीच्या यात्रेला पुन्हा तीच गर्दी. मागणीचे असे चढउतार ओळखून माणसे, पाणी, धान्य आणि खोल्या यांची तजवीज करणे, हेच तर या पदव्युत्तर शिक्षणाचे मर्म आहे. श्रवणबेळगोळला दर बारा वर्षांनी महामस्तकाभिषेक होतो. यापूर्वीचा २०१८ साली झाला. त्या वेळी यात्रेकरूंसाठी तात्पुरती नगरेच वसवावी लागतात. एवढे नियोजन आजवर समाजातील कार्यकर्ते निष्ठेने आणि अनुभवाच्या बळावर करीत आले. त्या अनुभवाला शास्त्राची जोड मिळाली, तर वृद्ध यात्रेकरूंचे हाल कमी होतील, अन्न वाया जाणार नाही आणि दात्यांचा पैसा अधिक कारणी लागेल.

अन्नसुरक्षेचे नियमही आता कडक झाले आहेत. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली धार्मिक स्थळी अन्न शिजवून वाढणाऱ्यांनाही नोंदणी वा परवाना लागतो आणि धर्मस्थळांतील प्रसाद व भोजनाच्या स्वच्छतेसाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाची 'भोग' नावाची स्वतंत्र योजना आहे. जैन पाकगृहात पाणी गाळणे, उकळणे, धान्य निवडणे, शिळे अन्न न ठेवणे हे नियम पूर्वापार आहेत. त्यांची आधुनिक स्वच्छताशास्त्राशी सांगड घालून नोंदी ठेवणारा प्रशिक्षित माणूस मात्र बहुतेक संस्थांपाशी नाही. येथे शिकलेल्या तरुणांना वाव आहे. त्यासाठी विश्वस्त मंडळांनीही मन मोठे करावे. शिकलेल्या व्यवस्थापकाला सेवेच्या नावाखाली तुटपुंजे मानधन देऊ केले, तर तो येणार नाही आणि आला तरी टिकणार नाही. एखादा विश्वस्त आपल्या पेढीतील व्यवस्थापकास जे वेतन देतो, तेवढे तरी तीर्थक्षेत्राच्या व्यवस्थापकास मिळाले पाहिजे.

श्रावकाच्या बारा व्रतांतील शेवटचे व्रत अतिथिसंविभाग हे आहे. ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी, आणि आपल्यासाठी सिद्ध केलेल्यातून त्याला भाग देणे हे श्रावकाचे कर्तव्य. या व्रताचा मूळ संबंध साधुजनांच्या आहारदानाशी आहे. हॉटेलच्या धंद्याला या व्रताचे नाव देणे हा व्रताचा अवमान होईल. दामाने केलेली सेवा आणि भावाने केलेले दान यांतील अंतर स्पष्ट ठेवलेच पाहिजे. परंतु दारी आलेल्याची भूक, तहान आणि थकवा ओळखण्याची जी दृष्टी या व्रताने घराघरांत रुजविली, तीच घेऊन या मुलांनी व्यवसायात उतरावे, अशी अपेक्षा बाळगण्यास हरकत नाही.

आजीच्या, आईच्या आणि वडिलांच्या प्रश्नांना एकच एक उत्तर नाही. प्रत्येक घराला ते आपापल्या श्रद्धेनुसार आणि ऐपतीनुसार शोधावे लागेल. मात्र ज्या घरात मुलाने वा मुलीने हा विषय काढला असेल, तिथे तो हसण्यावारी नेऊ नये आणि केवळ हट्टापायी शुल्कही भरू नये. एक दिवस सवडीने बसून, कोणते काम करायचे, कोणते करायचे नाही, पैसा कोठून आणायचा आणि शिकून परत आल्यावर काय उभारायचे, हे कागदावर लिहून काढावे. व्यापारात भागीदारी करताना जसा करारनामा करतात, तसाच हा घरातल्या घरात केलेला करार असावा. त्यावर मुलांची सही जितकी मोलाची, तितकीच आईवडिलांचीही.